खडी फोडणाऱ्यांना सांगायचं राहिलं

वैरागपासून सोलापूर चौदा कोस. सर्व्हिस मोटार नीट चालली तर सकाळी निघालेला माणूस दुपारच्या भाकरीला सोलापुरात असतो. मी दिवस कलल्यावर पोहोचले, आणि शेवटचे तीन कोस पायी. परत आल्यापासून जो तो ओट्यावर येऊन विचारतो, "काय झालं हो?" सांगून सांगून माझा घसा बसला. शिवाय ऐकणारा पुढं सांगताना पदरचं घालतो. परवा वेशीत मीच ऐकलं की मोटार ओढ्यात बुडाली आणि चार माणसं गेली. ओढ्याला घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं. म्हणून घडलं तसं एकदा लिहिते. माझी शाळा चार यत्तांची. शोभेचं लिहिणं यात सापडणार नाही.

वैरागहून

माझा धाकटा भाऊ दत्तू सोलापुरात कापडाच्या गिरणीत कामाला आहे. संक्रांतीला ये म्हणून त्याचं पत्र आलं. भोगीच्या आदल्या दिवशी मी निघाले.

मोटार नवाला सुटते म्हणतात, ती दहाला सुटली. आत माणसं दाटीनं कोंबलेली, टपावर शेंगांची पोती. बाजूला खिडक्या नाहीत. मांडीइतक्या उंचीची फळी आणि वर गुंडाळलेली ताडपत्री. रान मात्र बघण्यासारखं होतं. ज्वारी कणसांवर आलेली, मधे करडईचे पट्टे, आणि पाखरं हाकायला माळ्यावर चढलेल्या बायका. आमच्याकडं गोफणीनं हाकतात, सोलापूरच्या बाजूला पत्र्याचे डबे बडवतात. आवाज फार, पाखरं तेवढीच.

माझ्या शेजारी विशीतली एक बाई बसली होती. सरू तिचं नाव, पण ते मला नंतर कळलं. नवरा सोलापुरात गिरणीत. दिवाळीनंतर ती त्याला पहिल्यांदाच भेटायला चाललेली. बरोबर तिचा धाकटा दीर भिवा. सणाचा नवा चुडा भरलेला, दोन्ही हातांत हिरवीगार काकणं आणि त्यांच्या पुढं चांदीचा एकेक गोट.

तिनं माझ्या पांढऱ्या कपाळाकडं पाहिलं आणि पदर आवरून सरकून बसली. सणाच्या तोंडावर विधवेला खेटून बसायचं नाही, हे तिला घरून शिकवलेलं. मला राग आला नाही. चाळीस वर्षांत सवय झाली आहे. पण ती सरकली ती बाहेरच्या बाजूला, फळीच्या कडेला. मला टाळायला सरकली नसती तर त्या कडेला कुणीच नसतं.

ओढ्याचा चढ

सोलापूर तीन कोस राहिलं की एक ओढा लागतो. उतार बेताचा, पण पलीकडचा चढ उभा. तिथं पुरुषांनी उतरून मागून ढकलायचं आणि बायकांनी आत बसून राहायचं, असा रिवाज आहे. क्लीनर मोठा दगड घेऊन मागच्या चाकाबरोबर चालतो. मोटार दमली की दगड चाकाखाली टाकतो. त्या दिवशी दोऱ्या सैल झाल्या म्हणून तो टपावर पोती धरून बसला होता. दगडाला कुणीच नव्हतं.

अर्ध्या चढावर इंजिन बंद पडलं. मोटार मागं येऊ लागली. ढकलणारे उड्या मारून बाजूला झाले, ते बरोबरच केलं. मागचं चाक रस्त्याच्या कडेवरून उतरलं आणि मोटार आडवी झाली. फार जोरात नाही. बैल बसतो तशी बसली. टपावरचा क्लीनर पोत्यांसकट रानात पडला, त्याला काही लागलं नाही.

ढकलायला न उतरलेल्या एका म्हातारबुवाच्या अंगावर मी पडले. खरचटण्यापलीकडं मला काही झालं नाही. बाहेर निघाले तर सरू मातीत उताणी पडलेली आणि तिचा उजवा हात मनगटाच्या वरपासून फळीच्या कडेखाली. ती ओरडत नव्हती. हात आपला नसल्यासारखी त्याच्याकडं बघत होती.

"एकदम उचला!" ड्रायव्हर ओरडला. दहाबारा गडी लागले. मोटार वितभर उठली, कुणाचा तरी पाय घसरला आणि ती परत त्याच हातावर आली. तेव्हा ती ओरडली. तो आवाज मी लिहून सांगू शकत नाही.

"पुन्यांदा लावा, जोर लावा!" ड्रायव्हर म्हणाला.

"सोडा! हात काढा समदे!" मागून आवाज आला.

चढाच्या वरच्या अंगाला रस्त्यासाठी खडी फोडणाऱ्या वडारांची पालं होती. आवाज ऐकून ते धावत आले होते. पुढं एक काळा, हडकुळा म्हातारा, हातात पहार. तो तिम्मा. त्याच्यामागं त्याची बायको यल्लव्वा, आणि पहारी घेतलेले चार तरणे गडी.

ड्रायव्हर म्हणाला, "तुला मोटारीतलं काय कळतंय रं?"

"मोटारीतलं न्हाय कळत. वज्ज्यातलं कळतंय," तिम्मा म्हणाला. "वज्जं उचलायचं न्हाय, सायब. वज्ज्याला बसाय जागा द्यायाची."

त्यानं फळीच्या दोन टोकांना दगड ठेवून त्यांवर पहारी टेकवल्या. एका पहारीवर दोघं, दुसरीवर दोघं. स्वतः पोटावर आडवा पडून सरूचा हात आणि फळी यांच्यामधल्या फटीला डोळा लावला. तो त्यांच्या बोलीत काहीतरी लांबवून म्हणायचा, गडी त्या सुरावर दाबायचे, फळी बोटभर उठायची, आणि यल्लव्वा चपटा दगड आत सरकवायची. मग सगळे थांबायचे. मोटार त्या दगडावर बसायची. पुन्हा सूर, पुन्हा बोटभर, पुन्हा दगड.

मी सरूचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती आता मला खेटून होती आणि माझ्या लुगड्याचा बोंगा डाव्या मुठीत आवळून धरला होता. "पाणी," म्हणाली. यल्लव्वानं मडकं पुढं केलं.

भिवा पुटपुटला, "आजी, वडाराचं पानी हाय ते."

"मग तुझं आन."

त्याच्याकडं नव्हतं. मी तिच्या तोंडात पाणी घातलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एकदा दगड कचकन फुटला आणि फळी केसभर खाली आली. तिम्मा नुसता "हं" म्हणाला, आणि यल्लव्वानं दुसरा दगड घातला, पहिल्यापेक्षा जाड. शेवटी तिम्मानं सरूचा हात कोपराला धरून हळूच बाहेर ओढला. सगळी माणसं एकदम बोलू लागली. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. हात मनगटाच्या वर फाटलेला, त्यात काचा रुतलेल्या. मी माझ्या लुगड्याचा पदर फाडून घडी केली आणि दाबून धरली. पण त्याखाली गोट वाकून मांसात बसला होता, आणि हात बघता बघता सुजत होता. गोटाच्या पुढं पंजा निळा पडत चाललेला. मी बोटं धरून पाहिली, गार. मेलेल्या वासराचे पाय मी धरले आहेत. तो गारवा मला कळतो.

"गोट कापायला पायजे," मी म्हणाले, "आनि काकनं फोडा."

इथं माझी चूक झाली. काकणं फोडा असं सवाशिणीला म्हणायचं नसतं, वाढवा म्हणायचं असतं. फोडतात ती नवरा गेल्यावर. आणि म्हणणारी कोण, तर मी. सरूनं हात हिसडला. घडी सुटली आणि रक्ताची धार लागली.

"न्हाय! माझी काकनं न्हाय फोडायची! त्यास्नी काय झालंय? भिवा भावजी, खरं सांगा, त्यास्नी काय झालंय?"

"दादाला काय न्हाय झालं, वैनी," भिवा म्हणाला, आणि माझ्यापुढं हात जोडले. "आजी, पाया पडतो, तुमी बाजूला व्हा. तुमी हात लावू नगा. सोलापुरात नेऊ, डाक्टर बघंल."

"सोलापूर तीन कोस हाय. तवर पंजा काळा पडंल."

"पडू द्या!" सरू म्हणाली. "हात गेला तर जाऊ द्या!"

ती खरंच जाऊ देणार होती. भोवती उभ्या बायकांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला, पण तिचं चुकतं असं कुणी म्हणेना. मी बोलले की ती हात ओढणार, हात ओढला की रक्त जाणार.

मग यल्लव्वा सरूसमोर फतकल मारून बसली. या टोळीच्या बायका चोळी घालत नाहीत, नुसता पदर लपेटतात. तिनं उजवा हात खांद्यापासून उघडा पुढं केला. त्यात एकही काकण नव्हतं. डाव्यात होती, उजव्यात नाही.

"ए पोरी, हिकडं बघ. ह्या हातात काकन हाय का?"

सरूनं पाहिलं. मान हलवली.

"हातोडी धरायचा हात हाय ह्यो. आमच्यात ह्या हातात घालतच न्हाईत. माझ्या आईनं घातली न्हाय, सासूनं घातली न्हाय." मग तिनं हनुवटीनं तिम्माकडं दाखवलं. तो गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता. "आनि त्यो बघ माझा दादला. चाळीस वर्सं झाली. मरतोय व्हय? रोज दोन भाकरी खातोय वर!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तिम्मा म्हणाला, "दोन कुटं, दीडच देती."

सरू रडायची थांबली. यल्लव्वा म्हणाली, "डाव्या हातातली तुझी ऱ्हाऊ दे. त्याला कुनी शिवनार न्हाय. उजव्यातली मी वाढवते. मी सवाशीन हाय. चालंल?"

सरू बराच वेळ तिच्या कपाळावरच्या आडव्या कुंकवाकडं बघत राहिली. मग डोळे मिटून हात पुढं केला.

शाबूत राहिलेली काकणं यल्लव्वानं बोटांनी दाबून एकेक वाढवली, काच आत जाऊ न देता. गोट राहिला. तो भरीव होता. तिम्मानं छिन्नी काढली. पण गोट आणि कातडी यांत फटच नव्हती. छिन्नी सटकली तर मनगटाची शीर जाणार. मी माझ्या चुन्याच्या डबीचं पितळी झाकण काढलं, तिम्मानं ते दगडावर ठोकून चपटं केलं, आणि मी ते गोटाखाली सरकवलं. सरकवताना सरूनं माझ्या खांद्याला चावा घेतला. अजून वळ आहे.

"अम्मा, हात हालवू नगा," तिम्मा मला म्हणाला.

मी श्वास धरला. त्यानं तीन घाव घातले. त्याच्याएवढा हलका हातोडा मी सोनाराच्या दुकानातसुद्धा पाहिला नाही. तिसऱ्या घावाला गोट तुटला. ड्रायव्हरनं आपणहून पक्कड आणली आणि दोन टोकं फाकवली. त्या दिवशी त्यानं केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच.

पंजा लगेच तांबडा झाला नाही. आम्ही सगळे त्या पाच बोटांकडं बघत बसलो. मग अंगठ्याच्या मुळाशी थोडा रंग आला.

तीन कोस

मोटार तर आडवी. वडारांचे रेडे आणि गाडा होते, पण रेड्याच्या चालीनं संध्याकाळ झाली असती, आणि त्या गाड्याच्या धक्क्यांनी रक्त पुन्हा सुटलं असतं. तिम्मानं विचारलंसुद्धा नाही. मोठा दगड टांगून खाणीतून आणायचा तो वासा गड्यांनी काढला, यल्लव्वानं पालातली वाकळ आणली, तिची झोळी करून सरूला आत निजवलं, आणि वासा चौघांच्या खांद्यावर गेला.

पालखीचे भोई मी पाहिले आहेत. ते मिरवतात. हे पळत होते, पण झोळी हलत नव्हती. दगड हेलकावला तर माणूस मरतो, म्हणून चौघांचा पाय एकदम पडतो. सगळा रस्ता ते एक सूर धरून चालले. पुढचा म्हणायचा, मागचे ओढायचे. मी बाजूनं चालत सरूचा हात वर धरून ठेवला होता. भिवा मागं रडत येत होता. मी त्याला दोनदा रागावले, मग नाद सोडला.

वाटेत ती निजायला लागली. निजणं बरं नव्हे असं मला वाटलं. म्हणून विचारत राहिले: घरी म्हशी किती, सासू कशी, चुलीला लाकूड कुठलं. सासूचा विषय काढला की ती जरा जागी व्हायची. शेवटी बोलायचीच थांबली. पुढच्या गड्यानं सूर न तोडता मागं पाहिलं आणि पाय उचलला. त्या शेवटच्या कोसात मला धावावं लागलं. या वयात आपण धावतो हे मला ठाऊक नव्हतं.

सरकारी दवाखान्याच्या फाटकात पोहोचलो. पहारेकऱ्यानं वडारांना आत सोडलं नाही. दवाखान्याच्या गड्यांनी झोळी वाशावरून सोडून सरूला वाकळीसकट खाटेवर घेतलं आणि आत नेलं. मी तिच्याबरोबर आत गेले.

मागं वळून पाहिलं नाही.

सोलापूर

डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. भिवा गिरणीवर गेला आणि सरूच्या नवऱ्याला घेऊन आला. ती शुद्धीवर आली तेव्हा तो खाटेशी उभा होता. तिनं आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, डाव्या हातानं चाचपलं, आणि मगच स्वतःच्या हाताचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "गोट आणखी तासभर राहता तर पंजा कापावा लागला असता. अजून दोन दिवस काही सांगत नाही."

भोगीला पहाटे उठले तर दत्तूच्या शेजारच्या तेलुगू विणकरांनी दारात जुन्या टोपल्या, केरसुण्या पेटवल्या होत्या. घरातली जुनी अडगळ त्या दिवशी जाळायची अशी त्यांची रीत. आमच्याकडं अडगळ माळ्यावर जाते आणि तिथंच राहते. संक्रांतीला भावजयीनं शेंगांच्या पोळ्या केल्या, वर तूप. चांगल्या होत्या. सारखं दवाखान्याकडं मन.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी सरूनं माझ्यासमोर बोटं हलवली. अंगठा आणि पुढची दोन हलली. करंगळी आणि तिच्या शेजारचं नाही. ती आता हलणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. "भाकरी थापता यील का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "वाकडी यील. नवरा खाईल."

त्या रात्री जेवताना दत्तूनं विचारलं, "अक्का, झोळी आनली ती मानसं कोन?"

मी तिम्मा आणि यल्लव्वा सांगितलं. ते दोघं एकमेकांना हाका मारत होते म्हणून मला माहीत. "आनि चौघं?" चौघांची नावं मी विचारलीच नव्हती. तीन कोस त्यांच्याबरोबर चालले आणि नावं विचारली नाहीत. ते फाटकात किती वेळ थांबले, कुणी त्यांना पाणी दिलं का, तेही मला ठाऊक नव्हतं. सरूचं नाव मी डॉक्टरांना सांगितलं, माझं सांगितलं, मोटारीचंसुद्धा सांगितलं.

परतताना

आठव्या दिवशी निघाले. मोटार दुसरी, ड्रायव्हर दुसरा. ओढ्याच्या चढावर पालं दिसली तशी मी म्हणाले, "थांबवा."

"हितं थांबा न्हाय, आजी."

"तुमची मोटार हितं न सांगता आडवी झाली, तवा चाललं की. आता सांगून थांबवा."

तो थांबला. मी दवाखान्यातून धुऊन घेतलेली वाकळ आणि भावजयीनं बांधून दिलेल्या पोळ्या घेऊन उतरले. रस्त्याच्या कडेनं खडीचे ढीग होते आणि प्रत्येक ढिगामागं एकेक माणूस हातोडी चालवत होतं, दूरवर. टकटक, टकटक. तिम्मानं मला ओळखलं आणि उभा राहिला, शेजारच्या ढिगामागून यल्लव्वाही आली. त्यानं पोळ्यांकडं पाहिलं नाही, वाकळीकडंही नाही.

"अम्मा," तो म्हणाला, "ती पोरगी जगली का?"

आठ दिवस त्यांना कुणी कळवलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मागाहून कळलं, ते चौघं फाटकात दिवस मावळेपर्यंत उभे होते, मग परत आले. त्यानंतर यल्लव्वा सोलापूरहून येणाऱ्या प्रत्येक मोटारीला आणि गाडीला हात करून विचारत होती. बहुतेक थांबलेच नव्हते. जे थांबले त्यांना काही माहीत नव्हतं.

"जगली," मी म्हणाले.

"हात?"

"हाय. तीन बोटं हालत्यात. दोन न्हाईत."

त्यानं आपला उजवा पंजा वर धरला, दोन बोटं मिटली, तीन हलवून पाहिली. मनात काहीतरी जमवल्यासारखं केलं. "तीन बोटांत हातोडी बसती," म्हणाला.

मग मी त्या चौघांची नावं विचारली. त्यानं सांगितली, मी दोनदा म्हणून पाठ केली. आभार मानायचं मला कुणी शिकवलं नाही. आमच्यात घरच्या माणसांचे आभार मानत नाहीत आणि परक्यांशी तेवढं येणंजाणं नसतं. मी खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो दचकून मागं सरला, "अम्मा, अम्मा" म्हणत. मागं मोटारीतली माणसं फळीवरून वाकून बघू लागली. बघू देत.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी वळले तेव्हा यल्लव्वा ढिगावर चढून त्यांच्या बोलीत ओरडत होती, हात तोंडाशी धरून. शब्द मला कळले नाहीत, पण काय सांगत होती ते कळलं. जवळची हातोडी थांबली. मग तिच्या पुढची, मग तिच्याही पुढची, एकेक करत रस्त्याच्या वळणापर्यंत सगळ्या थांबल्या. थोडा वेळ रानात ज्वारीची सळसळ तेवढी ऐकू आली. मग टोकाचा कोणी एक घाव घालायला लागला, आणि सगळे लागले.